कडा प्रसाद आणि आपला कॅलरीचा हिशोब



गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळाची यात्रा होती. जिंतूरला नेमगिरीचं दर्शन झालं आणि मुक्कामाला नांदेडला गेलो. नांदेडला जाऊन सचखंड हुजूर साहिब पाहायचं नाही असं कसं होईल? दहावे गुरू, गुरू गोविंदसिंग, १७०८ साली याच गावात गेले आणि जाण्याआधी गुरुगादी कुणा माणसाला न देता ग्रंथाला दिली. डोक्यावर पदर घेऊन आम्ही सगळ्या आत गेलो, माथा टेकला, आणि बाहेर पडताना प्रत्येकीच्या ओंजळीत गरम कडा प्रसाद पडला.

दोन दिवसांनी मंडळाच्या ग्रुपवर एकीचा मेसेज आला. कडा प्रसाद म्हणजे नुसता तूप-साखरेचा गोळा, मधुमेहाला आमंत्रण, गुरुद्वाऱ्यांनी आता काळाप्रमाणे शुगर-फ्री प्रसाद सुरू करावा. खाली अंगठ्यांची रांग. एकीने तर लिहिलं, “बरं झालं, मी टिश्यूत गुंडाळून टाकून दिला.”

मी त्या दिवशी काही लिहिलं नाही. आज लिहिते, कारण मला हे अजिबात पटलेलं नाही. आणि गप्प बसण्याचं कारण होतं तेही सांगते. मीसुद्धा तेच केलं होतं. गेली अकरा वर्षं मला साखरेचा त्रास आहे. प्रसाद हातात पडला, मी हळूच रुमालात घेतला आणि बसमधल्या कचऱ्याच्या पिशवीत टाकला. रुमालात घेत होते तेव्हा शेजारी एक वयस्कर शीख बाई बसल्या होत्या. त्यांनी पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत. आपला प्रसाद शांतपणे संपवला, हाताला राहिलेलं तूप दोन्ही हातांवर चोळलं आणि उठून गेल्या. ते चोळणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून आधी हिशोब करू. मी बी.कॉम. झालेली बाई, आकडा मांडल्याशिवाय माझं समाधान होत नाही. घरी येऊन मी तसाच प्रसाद केला. प्रमाण अगदी सोपं आहे: कणीक, तूप आणि साखर, तिन्ही समान. मी शंभर-शंभर ग्रॅम घेतलं आणि चौपट पाणी. तुपात कणीक मंद आचेवर खमंग भाजायची, साखर-पाण्याचा गरम पाक ओतायचा आणि कडेनं तूप सुटेपर्यंत हलवत राहायचं. झाल्यावर वजन केलं, ते साधारण साडेपाचशे ग्रॅम भरलं. हातावर देतात तेवढा गोळा मोजला, तीस ग्रॅम. म्हणजे त्यात साखर साडेपाच ग्रॅम, तूप तेवढंच, कणीकही तेवढीच. सगळ्या मिळून ९० च्या आसपास कॅलरी. साखर म्हणाल तर चहाच्या चमच्याला किंचित जास्त.

आता मला सांगा, मंडळाच्या बैठकीत आपण दोन चमचे साखरेचा चहा घेतो, तेव्हा कुणी मेसेज टाकतं का? प्रवचनानंतर प्रभावना म्हणून मोतीचुराचा लाडू मिळतो, तो आपण पिशवीत घालून घरी नेतो, नातवाला अर्धा देऊन अर्धा स्वतः खातो. त्याच्या कॅलरी कधी मोजल्या? लग्नाच्या पंगतीत बासुंदीची दुसरी वाटी घेताना आपला मधुमेह कुठे असतो? आपल्या घरची साखर दिसत नाही, दुसऱ्याच्या ओंजळीतली तेवढी दिसते. याला मी आरोग्याची काळजी म्हणणार नाही.

दुसऱ्या टोकाचे मेसेजही मला नकोत. साजूक तुपाचा प्रसाद खाल्ला की सांधे सुधारतात, बुद्धी वाढते वगैरे. प्रसाद औषध नाही. रोज गुरुद्वाऱ्यात सेवा करणाऱ्या मधुमेही माणसानं जपूनच खायला हवं. त्यासाठी मोठी सुधारणा लागत नाही. वाढणाऱ्याला “थोडासा” म्हटलं की तो सुपारीएवढा देतो आणि त्याला वाईटही वाटत नाही. कणभर घेतला तरी तो प्रसादच. मी हे त्या दिवशी म्हणू शकले असते. म्हटलं नाही.

आता अर्थाकडे येऊ, कारण शुगर-फ्रीची सूचना करणाऱ्यांना तो माहीत नाही, असं मला वाटतं. १९४५ साली मंजूर झालेल्या शीख रहत मर्यादेत हा प्रसाद कसा करायचा ते लिहून ठेवलं आहे. स्वच्छ भांडं, करताना मुखी गुरुबाणी, तिन्ही जिन्नस सारखे. अरदास झाली की प्रसादाला कृपाण लावतात. मग पहिले पाच वाटे पंज प्याऱ्यांच्या नावे काढतात आणि नंतर उरलेला सगळ्यांना, जात, उच्चनीच, देश काही न पाहता वाटतात. आम्हाला कॉलेजात भागीदारीचा करार शिकवला होता. ज्याचं भांडवल जास्त त्याचा नफा जास्त. इथं तिन्ही भागीदारांचं भांडवल सारखं आणि घेणाऱ्यांचा वाटाही सारखाच. मोटारीतून आलेल्याला मोठा गोळा आणि चालत आलेल्याला लहान, असं नाही. त्या समान मापातच सगळा अर्थ आहे. साखर काढून दुसरं काही घातलं तर गोड शिरा होईलही, पण शिखांनी ठरवलेलं ते माप मोडेल. ते बदलायचं की नाही हे त्यांनी ठरवावं, आपण सहलीला गेलेल्या बायकांनी नव्हे.

लंगरची गोष्ट वेगळी, कारण ते पूर्ण जेवण आहे. तिथं आरोग्याचा विचार जरूर व्हावा, आणि शीख मंडळी तो स्वतःच करतात. परदेशातल्या काही गुरुद्वाऱ्यांत डाळ-भाजीतलं तूप-मीठ कमी करण्याचे प्रयत्न झाले आहेत. जेवण आणि प्रसाद यांतला हा फरक आपण ध्यानात घेतला, तर निम्मं भांडण मिटतं.

लंगरची मुळं पाहा. तरुण नानकांना वडिलांनी वीस रुपये दिले आणि म्हणाले, खरा सौदा करून ये. वाटेत भुकेले साधू दिसले. नानकांनी त्या पैशांचं त्यांना जेवू घातलं आणि यापेक्षा खरा सौदा कोणता, म्हणाले. आपण व्यापारी समाजातल्या बायका. ही कथा आपल्याला कळायला हवी. तिसरे गुरू अमरदास यांनी गोइंदवालला नियमच केला, आधी पंगत, मग भेट. अकबर बादशहाही तिथं जमिनीवर पंगतीत बसला, असं शीख परंपरा सांगते. पंगत हा शब्द आपला आणि त्यांचा एकच आहे. फक्त आपल्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसायचं हे फार वर्षं ठरलेलं होतं, हे विसरू नका.

आणि एक गोष्ट खास आपल्यासाठी. दुसरे गुरू अंगद यांच्या पत्नी माता खीवी. लंगर चालवायच्या, तूप घातलेली खीर वाढायच्या. गुरू ग्रंथ साहिबात त्यांचं नाव आदरानं आलं आहे, ते या वाढण्यासाठी. चुलीपाशी जन्म काढलेल्या बाईचं नाव धर्मग्रंथात! आपण चाळीस-चाळीस वर्षं स्वयंपाकघरात उभ्या आहोत. त्यांच्या तुपाला नाकं मुरडणाऱ्यांत आपण तरी नसावं.

काहीजणी म्हणतील, आपल्यात तर प्रसाद खायची रीतच नाही. खरं आहे. भगवंतांपुढे आपण अष्टद्रव्य चढवतो ते निर्माल्य, त्याला आपण तोंड लावत नाही. आपलं अर्पण त्यागाचं आहे. त्यांचं अर्पण वाटून खाण्याचं आहे. नाम जपा, कष्ट करा, वाटून खा, ही त्यांची शिकवण. दोन्ही रीती आपापल्या जागी पूर्ण आहेत, एकीनं दुसरीला गुण द्यायची गरज नाही.

नियमांचंही स्पष्ट बोलते. कडा प्रसादात कणीक, तूप, साखर आणि पाणी. कंदमूळ नाही, कांदा-लसूण नाही. लंगर शाकाहारी असतो, पण भाजी-डाळीत कांदा, लसूण, बटाटा असू शकतो. ज्यांचा त्याग आहे त्यांनी तिथं नुसती पोळी घ्यावी किंवा हात जोडून नाही म्हणावं. सूर्यास्तानंतर गेलात आणि रात्रिभोजनाचा त्याग आहे, उपवास आहे, तर ओंजळ पुढे करण्याआधीच हात जोडा. तिथं कुणी जबरदस्ती करत नाही. नियमासाठी नकार देणाऱ्याला शीख माणूस मानच देतो, त्यांच्यातही नियम कडक आहेत.

पण ओंजळ पसरून घ्यायचं आणि मग टिश्यूत गुंडाळून टाकायचं, हे कुठल्या नियमात बसतं? अन्न टाकल्यावर त्यात किती जीव निपजतात हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं आहे. ताट धुऊन पिणारी माणसं आपल्या घरात होऊन गेली. मग गरम, ताजा, कुणीतरी नाम घेत घोटलेला घास कचऱ्यात टाकताना अहिंसा आठवू नये? मला आठवली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

ग्रुपवर अंगठा दिलेल्या मैत्रिणींना एवढंच सांगणं. खायचं नसेल तर घेऊ नका. थोडं हवं असेल तर थोडं मागा. घेतलंत तर संपवा. आणि कॅलरी मोजायच्याच असतील तर सुरुवात आपल्या प्रभावनेच्या डब्यापासून करा.

पुढच्या महिन्यात कामासाठी पुन्हा नांदेडला जायचं आहे. त्या दिवशी सकाळच्या चहात साखर घालणार नाही, आणि ओंजळीतला घास तिथंच बसून संपवणार आहे.

जय जिनेंद्र.