मधल्या सुटींतील पंक्तिप्रपंच

यंदा जून महिन्यांत शाळा सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत आमच्या पुतणीचा डबा भरलेला तसाच परत येऊं लागला. भाजी आवडत नसेल अशा समजुतीनें स्वयंपाकघरांत तीन वेळां बेत बदलण्यांत आले, डबा तसाच. शेवटीं एके संध्याकाळीं आमच्या मातोश्री मेथी निवडीत बसल्या असतां त्यांनीं तिला जवळ बसवून घेतलें आणि बऱ्याच वेळानें विचारलें, "बाळ, शाळेंत कोणी कांहीं बोलतें का ग तुला?" मुलगी म्हणाली, "नाहीं आजी. मला कोणी कांहींच बोलत नाहीं."

हें उत्तर कानीं आलें तेव्हां आम्हांस हायसें वाटलें. मातोश्रींनीं मात्र ओळखलें कीं, मुलीचें गाऱ्हाणें हेंच आहे.

ती या वर्षीं सातव्या इयत्तेंत गेली. तुकड्या नव्यानें पाडण्यांत आल्या, तिच्या जुन्या मैत्रिणी दुसऱ्या वर्गांत गेल्या, आणि नव्या वर्गांत डबा खाण्याचीं कोंडाळीं पहिल्या आठवड्यांतच ठरून गेलीं. मधल्या सुटींत ही नळावर जाई, पाण्याची बाटली भरी, ओतून टाकी आणि पुन्हां भरी. घंटा होईपर्यंत वेळ काढावयाचा तो असा.

लहान मुलांच्या भांडणांत एक सचोटी असते. 'कट्टी' हा शब्द तोंडावर उच्चारला जातो, म्हणूनच दुसऱ्या दिवशीं 'बट्टी' म्हणतां येते. अकराव्या-बाराव्या वर्षाच्या सुमारास हा विधि संपतो. मग कोणी कोणास 'नको' म्हणत नाहीं. केवळ बोलावीत नाहीं. जो नकार उच्चारलाच गेला नाहीं, त्याला उत्तर तरी काय द्यावें?

हें दुःख मनाचे खेळ म्हणून सोडून देण्याजोगें नाहीं. २००३ सालीं अमेरिकेंत नेओमी आयझेनबर्गर व त्यांचे सहकारी यांनीं चेंडू झेलण्याच्या एका संगणकीय खेळांतून माणसांस वगळलें आणि त्या वेळीं त्यांच्या मेंदूचें चित्रण केलें. शारीरिक वेदना सोसतांना मेंदूचे जे भाग चेतवले जातात, त्यांपैकीं एक येथेंहि चेतवलेला दिसला. पुढें २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासांत, पलीकडे माणूस नसून यंत्र आहे असें आधीं सांगितलें तरीहि वगळलेल्यास तें लागतेंच, असें आढळलें. यंत्राचें जर इतकें लागतें, तर ज्यांच्यासमवेत सारें वर्ष काढावयाचें त्या मुलींचें किती लागेल!

मातोश्रींनीं पुढें चौकशी केली तेव्हां जें कळलें, त्यानें आमची मान खालीं गेली. वर्गांतील त्या कोंडाळ्यांत आमची स्वतःची कन्या बसत असे. दोघी एका वयाच्या, एका घरांत वाढलेल्या. परंतु कन्येच्या मैत्रिणी तिच्याबरोबर त्याच तुकडींत आल्या होत्या. विचारतां ती म्हणाली, "मीं तिला नको म्हटलेंच नाहीं. पण मीं बोलावलें आणि बाकीच्यांना नाहीं आवडलें, तर उद्यां त्या मलाच उठवतील." यांत दुष्टावा नव्हता, भीति होती. या वयांत वगळणाऱ्यांपैकीं कित्येकांस स्वतःची जागा जाण्याचेंच भय असतें.

आम्ही रागानें म्हणालों, "उद्यांपासून तिला बरोबर घेऊन बसलेंच पाहिजे." मातोश्रींनीं अडविलें. "हुकुमानें बसविलेल्या पाहुण्याला घास गोड लागत नाहीं," असें त्या म्हणाल्या. शिकागो येथील शिक्षिका व्हिव्हियन पेली यांनीं बालवर्गांत 'तूं खेळायचें नाहींस, असें कोणी कोणास म्हणावयाचें नाहीं' असा नियम घातला. त्याची हकीकत १९९२ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. वरच्या वर्गांतील मुलांस त्यांनीं विचारलें, तेव्हां नियम न्याय्य आहे पण आमच्या वयाला तो चालणें कठीण, असा सूर निघाला. मातोश्रींनीं हें पुस्तक वाचलेलें नाहीं.

त्या नातीस एवढेंच म्हणाल्या, "घरीं आपण एकाला तूप अधिक आणि दुसऱ्याला कमी वाढीत नाहीं. त्याला पंक्तिप्रपंच म्हणतात. तुझ्या शेजारीं हातभर जागा होते का, तें तूंच पाहा."

त्यावर कन्या हळूच म्हणाली, "पण आजी, बाबा आणि काकासुद्धां शेजारीं बसून जेवतात, आणि बोलत नाहींत."

हें खरें होतें. गेल्या उन्हाळ्यांत कौलें शाकारण्याच्या खर्चावरून आमच्यांत व धाकट्या बंधूंत अबोला आला होता. भांडण झालें नव्हतें. झालें असतें तर मिटलें तरी असतें. त्या रात्रीं पानावर बसल्यावर आम्हीं विचारलें, "तुझ्या खोलींत अजून गळतें का रे?" "एका कोपऱ्यांत," असें उत्तर आलें. दोन्ही मुली आपापल्या ताटांत पाहत होत्या.

पुढें सारें सुरळीत झालें, असें नाहीं. कन्या कांहीं दिवस जागा करी, कांहीं दिवस तिचा धीर होत नसे. मात्र पुतणीला नळावरच दुसरी एक मुलगी भेटली. तीहि बाटली भरीत उभी असे. आतां दोघी एकत्र बसतात आणि डबा बहुतेक दिवशीं रिकामा येतो. या वयाला दहा मैत्रिणी लागत नाहींत, एक पुरते.

वाचकांस आमची विनंती इतकीच. "मला कोणी कांहीं बोलत नाहीं" असें मूल म्हणालें, तर तें सुवार्ता समजूं नये. मधल्या सुटींत शेजारीं कोण बसतें, तें विचारावें. चिडविणें वा मारहाण होत असेल, अथवा मूल शाळेचें नांवच नको म्हणत असेल, तर वर्गशिक्षकांस सांगण्यास विलंब करूं नये. एरवीं दुसऱ्या मुलीच्या आईस फोन करण्याची घाई नको. आणि ज्यांच्या मुलांस मैत्रीची ददात नाहीं, त्यांनींहि विचारावें, "आज वर्गांत एकटें कोण होतें?" तें विचारण्यापूर्वीं आपल्या घरच्या पंगतीकडे मात्र एकदां पाहून घ्यावें.