बुरुडाची पत

१७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजन आणि दुसऱ्याच दिवशी जागतिक बांबू दिन. पहिल्या दिवशी कारखान्यांत यंत्रांना हार पडतात. दुसरा दिवस २००९ साली बँकॉकच्या जागतिक बांबू परिषदेत ठरला. आपल्याकडे त्या दिवशी भाषणं होतात, रोपं लावली जातात आणि हल्ली कुठे कुठे टोपली विणण्याचे वर्गही भरतात. ज्याच्या हातात हत्यार आणि बांबू दोन्ही असतात, तो बुरूड मात्र या दोन्ही दिवशी नेहमीसारखा रस्त्याकडेला माल मांडून बसलेला असतो.

वडोदऱ्यातल्या वासणा-भायलीकडच्या सोसायट्यांत टोपलीची गरज संपली, असं म्हणायला जागा नाही. नवरात्र आलं की मराठी घरात घट बसतो आणि शेजारच्या गुजराती घरात जवारा पेरला जातो. एका घराला परडी हवी असते, दुसऱ्याला छोटी टोपली. लग्नात त्यांच्याकडे छाब, आपल्याकडे झाल. मूळच्या कोकणातल्या घरी गौरीच्या ओवशाला सुपं लागतात आणि छठला बिहारी कुटुंबं सूप-दौरा शोधत फिरतात. धान्य निवडायला प्लास्टिकचं सूप चालतं, देवापुढे चालत नाही. एवढी श्रद्धा आपण वस्तूवर ठेवतो, पण ती विणणाऱ्याचं नाव एकालाही ठाऊक नसतं आणि भाव करताना दहा रुपयांसाठी आपण त्याच्याशी हुज्जत घालतो.

वर्गांना आमचा विरोध नाही. मुलांना मोबाइलवरून उचलून त्यांच्या हातात ओली कामटी दिली, तर त्यात वाईट काय? आक्षेप आहे तो वर्गाच्या मांडणीवर. बहुतेक ठिकाणी कामट्या आधीच तासून ठेवलेल्या असतात, मुलं दोन तासांत पेन ठेवायची परडी विणतात, फोटो निघतात आणि टोपली ‘शिकून’ झालेली असते. खरं काम त्या दोन तासांच्या आधीच उरकलेलं असतं. हिरवा बांबू कोयत्याने उभा चिरायचा, अर्ध्याचे पाव करायचे, मग वरची चकचकीत साल आणि आतला मऊ गर वेगळा काढायचा. साल चिवट, म्हणून ती काठाला आणि बांधणीला. गराचा भाग जिथे ताण कमी तिथे. कांबी आडव्याउभ्या मांडून, पायाने दाबून बूड धरायचं आणि मग त्या वर वळवायच्या. एकच बेळ, म्हणजे विणायची पातळ पट्टी, घेऊन गोल विणायचं असेल तर उभ्या कांबींची संख्या विषम लागते. सम झाली तर प्रत्येक फेरीला बेळ त्याच कांबींच्या वर आणि त्याच कांबींच्या खाली जाते आणि वीण बसतच नाही. हे गणित बुरुडाच्या घरातलं पोर शाळेत जायच्या आधी शिकतं. बोटं कापून घेत शिकतं, हेही सांगायला हवं.

जपानमध्ये बेप्पूच्या बांबूकाम प्रशिक्षण केंद्रात हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. तिथल्याच शोनो शोउनसाई या कारागिराला १९६७ साली ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान मिळाला आणि बांबूकामातले ते पहिले मानकरी ठरले. आपल्याकडे १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत टोपल्या, चटया, झाडू आणि काथ्याचं काम एकाच ओळीत बसवलं आहे. प्राथमिक प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचं, रोजचा भत्ता ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक व नंतर दोन लाखांपर्यंत विनातारण कर्ज. योजना वाईट नाही. सावकाराच्या दारात उभं राहावं लागणाऱ्याला पाच टक्के म्हणजे मोठाच दिलासा. पण तिने गृहीत धरलं आहे की कारागीर हा कर्ज मागायला येणारा एकटा माणूस आहे.

तो नेहमीच असा नव्हता. जुन्नरच्या लेण्यांतल्या एका शिलालेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, दानाची रक्कम ठेव म्हणून ठेवल्याचा उल्लेख आहे. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापणं दरमहा एक टक्का व्याजाने ठेवतो, तोच व्यवहार. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या मातीत बुरूड कर्ज मागत नव्हता, लोकच त्याच्याकडे पैसे ठेवत होते. भिक्षूंसाठी केलेलं दान पिढ्यान्‌पिढ्या चालावं म्हणून दात्याला जी संस्था टिकाऊ वाटली, ती टोपल्या विणणाऱ्यांची होती. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या शरणांत मेदार केतय्या मानाने बसले, तेही याच धंद्यातले. त्यानंतर श्रेणी गेली आणि जात राहिली. एकत्र भाव ठरवण्याची ताकद गेली आणि गावाबाहेरची आळी तेवढी वाट्याला आली. छंदवर्गाच्या पत्रकात ‘आपला प्राचीन वारसा’ असं छापताना ही बाजू सहसा कुणाला आठवत नाही.

कच्च्या मालाची कथा तर आणखी कडू. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवलं. गवताच्या कुळातल्या या वनस्पतीला झाडपणातून सुटायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला, तोही फक्त वनक्षेत्राबाहेरच्या बांबूपुरता. कर्नाटकात कागद गिरणीला टनामागे दीड रुपया दराने बांबू मिळत होता आणि टोपल्या विणणाऱ्यांना त्याच्या कैक पटींनी चढा बाजारभाव मोजावा लागत होता, हे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी अभ्यासून मांडलं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाच्या हाती बांबू वाहतुकीच्या परवान्याचं पुस्तक पडलं ते २०११ च्या एप्रिलमध्ये, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री व मुख्यमंत्री दोघांना गावात यावं लागलं. दक्षिण गुजरातेतले कोटवाळिया पिढ्यान्‌पिढ्या बांबूवर जगतात. सरकारदरबारी त्यांची नोंद राज्याच्या पाच अतिअसुरक्षित आदिवासी समूहांत आहे. जंगल उशाशी असूनही ही अवस्था. मग शहरातल्या बुरुडाने आणि त्याच्या गुजराती भाईबंद वांसफोडाने बांबू आणायचा कुठून आणि कोणत्या भावाने?

वडोदऱ्याला या विषयात बोलण्याचा थोडा अधिकार आहे. सयाजीरावांनी १८९० साली त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती कलाभवन ही तंत्रशाळा सोपवली. गज्जर स्वतः सुतार घराण्यातले, रसायनशास्त्र शिकलेले, आणि कारागिराला त्याच्याच भाषेत शास्त्र कळलं पाहिजे असा त्यांचा आग्रह. तिथे येणाऱ्याने पोट भरण्याचं कौशल्य घेऊन जावं, असा बेत होता. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. आजचे वर्ग भरवणाऱ्यांनी फार लांब जाण्याऐवजी आपल्याच गावातल्या या उदाहरणाकडे पाहावं.

वर्ग बुरुडाच्या नावाने भरवा. शिकवणारा तो आणि जाहिरातीत नाव एखाद्या संस्थेचं, हा प्रकार बंद व्हावा. कामट्या तासण्यापासून वर्ग सुरू झाला तर पहिल्या दिवशी मुलांची टोपली होणार नाही. पालक कुरकुर करतील, करू देत. फीचा मोठा हिस्सा शिकवणाऱ्याला मिळावा आणि तो किती, हे फलकावर लिहावं. आणि वर्गापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे मागणीची हमी. वासणा रोडवरच्या चार-पाच सोसायट्यांनी एकत्र येऊन नवरात्राच्या परड्या, लग्नसराईच्या छाबा, रोजच्या भाजीच्या टोपल्या यांची वर्षाची यादी केली आणि निम्मी रक्कम आधी दिली, तर पाच-सात घरांचा गट हिवाळ्यात, बांबू कापण्याच्या हंगामात, रोखीने माल भरू शकतो. पावसाळ्यात कापलेला बांबू लवकर किडतो. भांडवलाअभावी ऐन वेळी मिळेल तो घ्यावा लागतो, टोपली सहा महिन्यांत भुसा सांडू लागते आणि गिऱ्हाईक पुन्हा प्लास्टिककडे वळतं.

अशी आगाऊ रक्कम देताना सोसायटीच्या सभेत कोणीतरी हमखास विचारील, पैसे घेऊन हा माणूस पळाला तर? बिल्डरला पायाही खणला नसताना लाखो रुपये देणाऱ्यांनी हा प्रश्न जरा सबुरीने विचारावा.