आल्बुस, आल्बा, आल्बुम

लॅटिन विशेषणांच्या लिंगाचा एवढा बाऊ कशाला, असा सवाल आमचे काही पदवीधर हल्ली मोठ्या तोऱ्यात टाकतात. भाषा मेली, तिचे प्रत्यय का जपायचे? रंगच सांगायचा ना? मग एक ‘आल्बुस’ पुरे! या शहाणपणाचा प्रसाद मलाही मिळाला आहे. माझ्या लेखातली ‘मोरुस आल्बा’, म्हणजे आपली पांढरी तुती, एका मासिकाने परस्पर ‘मोरुस आल्बुस’ करून छापली. का, तर ‘उस’ला ‘उस’ जुळतो!

जुळतो खरा, पण कानाला. लॅटिनमध्ये झाडांची नावे शेवटी ‘उस’ असला तरी बहुधा स्त्रीलिंगी असतात, आणि विशेषण चालते ते नामाच्या लिंगाप्रमाणे, त्याच्या शेपटाप्रमाणे नव्हे. म्हणून लिनेअसने १७५३ साली तुतीला ‘आल्बा’ म्हटले, एका ओकला ‘क्वेर्कुस आल्बा’ म्हटले, आणि आपल्या चाकवताला ‘केनोपोडिउम आल्बुम’. कारण ते नाम नपुंसकलिंगी. माठाच्या गोत्रातला ‘आमारांथुस आल्बुस’ मात्र पुल्लिंगी.

इंग्रजाला हे जड जावे, हे समजते. त्याचा ‘व्हाइट’ बैलालाही तोच आणि गाईलाही तोच. पण मराठी माणसाने कपाळाला आठ्या घालाव्यात? पांढरा बैल, पांढरी गाय, पांढरे वासरू हे ज्याच्या घरचे पोर न शिकवता बोलते, त्याला आल्बुस-आल्बा-आल्बुम परके वाटते, ते केवळ तो लॅटिनकडे इंग्रजीच्या खिडकीतून पाहतो म्हणून. वाडा मोठा आणि शाळा मोठी. दोन्हींच्या शेवटी ‘आ’ आहे म्हणून ‘मोठा शाळा’ म्हणणाऱ्याला आपण हसतो की नाही? ‘मोरुस आल्बुस’ म्हणजे नेमका तोच ‘मोठा शाळा’!

(रोमन लोक जाहीर सूचना ज्या पांढऱ्या फळ्यावर लिहीत, त्याला ते नुसते ‘आल्बुम’ म्हणत. लग्नाच्या फोटोंचा आपला आल्बम त्याच नपुंसकलिंगी रूपाचा वंशज. प्रत्यय मेला म्हणणाऱ्यांच्या कपाटातही तो सुखरूप आहे.)

आता नवा युक्तिवाद असा की, २०१२ पासून नव्या वनस्पतीचे वर्णन इंग्रजीतही चालते, तेव्हा लॅटिनची सक्ती उठलीच. उठली ती वर्णनावरची. नावातले विशेषण प्रजातीच्या नावाच्या लिंगाशी जुळावे, हा नियम वनस्पतिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेत अजून जागच्या जागी आहे. आणि चुकीचा प्रत्यय पडला असेल तर तो दुरुस्त करावा, असेही तीच सांगते.