ताईची सही कशासाठी?

नवरात्रात आपण मत्स्योदरी देवीच्या दर्शनाला रांगा लावतो. आणि वडील गेले की पहिलं काम काय? बहिणीला गाडीत बसवून अंबडला न्यायचं, हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. "ताई, तुला काय कमी आहे?" झालं!

संविधानाचं कलम १४ समानता देतं, १५ स्त्री-पुरुष भेद नाकारतं. २००५ मध्ये हिंदू वारसा कायदा बदलला. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा. हा हक्क जन्मानंच मिळतो, लग्न झालं तरी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं.

ती राजीखुशीनं सोडत असेल तर तिची मर्जी. पण माहेर तुटायच्या भीतीनं केलेली सही राजीखुशीची कशी?

भावांनो, भाऊबीजेला साडी द्याच, पण सातबाऱ्यावर तिचं नावही राहू द्या.