मधल्या सुट्टीपर्यंत गरम

सीलिॲक आजार असलेल्या मुलाचा शाळेचा डबा गरम लागतो तो लाडापायी नव्हे. ते पिठाच्या स्वभावामुळे. गव्हात ग्लूटेन नावाचं चिवट प्रथिन असतं. कणीक मळली की त्याचं जाळं तयार होतं आणि त्या जाळ्यात पाणी धरून राहतं. म्हणून सकाळी सहाला लाटलेली घडीची पोळी साडेदहालाही मऊ लागते. ज्वारी, बाजरी, तांदूळ, नाचणी यांच्या पिठांत हे जाळं नसतं. तव्यावरून उतरलेली भाकरी लुसलुशीत असते, पण दोन तासांत ती वातड होते आणि चार तासांत पुठ्ठा. शिजताना पाणी पिऊन फुगलेला स्टार्च थंड होताना पुन्हा आवळत जातो, हे त्यामागचं कारण. मराठी घरात बिनगव्हाच्या धान्यांची कधीच वाण नव्हती. अडचण धान्याची नाही, सकाळी साडेसहा ते मधली सुट्टी या चार तासांची आहे.

सीलिॲक म्हणजे साधं अपचन नव्हे. ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते आणि अन्नरस शोषणारे बोटांसारखे बारीक अंकुर झिजून सपाट होतात. मूल खातं, पण अंगी लागत नाही. वारंवार जुलाब, फुगलेलं पोट, खुंटलेली उंची, लोहाचं औषध देऊनही न हटणारा ॲनिमिया, अशी त्याची रूपं. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला हा आजार आढळतो. दक्षिणेकडे प्रमाण बरंच कमी आहे. गव्हावरचा संशय पक्का व्हायला विसावं शतक अर्धं उलटावं लागलं. अमेरिकेत सिडनी हास यांनी १९२४ मध्ये अशा मुलांसाठी केळ्यांचा आहार मांडला. मुलं सुधारत आणि श्रेय केळ्याला जाई. खरं तर सुधारणा व्हायची ती त्या आहारात पाव नसल्यामुळे. नेदरलंड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांना १९३० च्या दशकापासून गव्हाची शंका होती. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला, तेव्हा ती बळावली आणि १९५० च्या प्रबंधात त्यांनी ती सिद्ध करून मांडली. आजही या आजाराला गोळी नाही. पथ्य हाच उपचार, आणि तो जन्मभराचा.

इथे एक घाई टाळावी लागते. रक्ततपासणी आणि दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी होण्याआधीच गहू बंद केला, तर अस्तर भरून येऊ लागतं आणि निदान हुकतं. म्हणून आधी तपासणी, मग पथ्य. ज्यांना आजारच नाही त्यांनी ‘ग्लूटेन नको’ ही फॅशन म्हणून उचलणं हा तर वेगळाच प्रकार. त्या फॅशनमुळे खरं पथ्य असलेल्या मुलाच्या पालकांकडेही शाळेत ‘नखरेवाले’ म्हणून पाहिलं जातं.

‘थोडंसं चालतं’ हे वाक्य या घरांत सर्वांत जास्त नुकसान करतं, आणि ते बहुधा प्रेमापोटीच बोललं जातं. एका मध्यम पोळीत अंदाजे अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन असतं. बहुतेक रुग्णांना दिवसाला साधारण दहा मिलिग्रॅमपर्यंतचा अंश सोसतो, असं मानलं जातं. म्हणजे पोळीचा अडीचशेवा-तीनशेवा भाग, मुलाच्या नखाएवढा तुकडासुद्धा नाही. पाकिटावर ‘ग्लूटेनमुक्त’ छापण्यासाठी आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत किलोला वीस मिलिग्रॅमची मर्यादा आहे, तीही अशाच हिशेबातून आली. शिवाय ग्लूटेन उकळून, तळून किंवा भाजून नाहीसं होत नाही. गरम डबा म्हणजे निर्जंतुक डबा असेलही, पण तो त्यामुळे बिनगव्हाचा होत नाही.

पोळी, पाव, बिस्कीट, रवा, शेवया, लापशी यांतला गहू सर्वांना दिसतो. न दिसणाऱ्या गव्हाचा पहिला मान हिंगाचा. बाजारातला पिवळा हिंग म्हणजे शुद्ध हिंग नव्हे. त्याचा उग्रपणा आणि चिकटपणा आवरायला त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि हे पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. खड्याचा हिंग घेतला तरी सुटका होतेच असं नाही, कारण खडाही मिश्रणाचाच असू शकतो. डबीच्या मागचं बारीक छापील वाचून तांदळाच्या पिठातला हिंग निवडावा लागतो, नाहीतर फोडणी जिरं-लसणावर भागवावी लागते. दुसरं नाव मेतकुटाचं. आजारी मुलाला मऊ भात आणि मेतकूट हा आपल्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उतारा, आणि मेतकुटाच्या भाजणीत डाळी-तांदळाबरोबर मूठभर गहू असतोच. थालीपिठाच्या भाजणीतही अनेक घरी गहू पडतो. सातूच्या पिठाचंही तेच. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरींत बार्ली असते आणि ती गव्हाइतकीच वर्ज्य. उलट साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा ही उपासाची सगळी फळी इथे कामी येते. एकादशीला जे चालतं ते या मुलाला बहुतांशी रोज चालतं. फक्त साबुदाण्याच्या खिचडीवर वाढीचं वय काढायचं नसतं, एवढं भान हवं.

धान्य बिनगव्हाचं असलं तरी पीठ तसं असेलच असं नाही. गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दगडांत, सुपड्यात, पिशवीच्या तोंडाशी उरलेला असतो आणि तो पुढच्या ज्वारीत उतरतो. आधी दोन किलो तांदूळ फिरवून तो टाकून देण्याची युक्ती काही घरं करतात. ती खर्चिक आहे आणि खात्रीची नाही. घरघंटी ही या घरात चैन ठरत नाही. तिच्यात गहू कधीच न घालण्याचा नियम मात्र पाळावा लागतो. विकतचं बेसनही याच कारणाने संशयित. सुटी ज्वारी-बाजरी निवडताना तिच्यात गव्हाचे दाणे सापडतात, तेव्हा ताटात निवडण्याचं जुनं काम पुन्हा सुरू करावं लागतं. स्वयंपाकघरात सगळ्यांत घातक वस्तू म्हणजे पिठाची चाळण. तिच्या जाळीत अडकलेली कणीक धुऊन निघत नाही. लाकडी पोळपाट-लाटणं, पुऱ्या तळलेलं तेल, पोळ्यांचा तवा हे सगळं वेगळं ठेवावं लागतं. घरात इतरांसाठी पोळ्या होत असतील, तर सकाळी आधी या मुलाचा डबा भरून बंद करायचा आणि मगच कणकेचा डबा उघडायचा. हा क्रम सोपा आहे आणि फुकटचा आहे, तरी तोच सर्वांत जास्त मोडला जातो.

आता उष्णतेकडे. शाळेसाठी निर्वात भिंतींचा, रुंद तोंडाचा स्टीलचा फ्लास्क हाच खरा उपाय. फोम भरलेला प्लास्टिकचा ‘हॉट’ डबा जेमतेम दीड-दोन तास ऊब धरतो. निर्वात भांड्याची कल्पना स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ड्युअर यांनी १८९२ मध्ये प्रयोगशाळेसाठी वापरली: दोन भिंतींच्या मधली हवा काढली की उष्णतेला वाहून न्यायला माध्यमच उरत नाही. मग ती निसटते ती बहुतांशी झाकणातून. म्हणून भांडं काठोकाठ भरणं महत्त्वाचं. अर्धा फ्लास्क भरला की वरची रिकामी हवाच अन्न निववते. मूल कमी खात असेल तर लहान फ्लास्क घ्यावा, मोठा अर्धवट भरू नये.

भरण्याची रीत ठरलेली आहे. उकळतं पाणी ओतून झाकण लावून दहा मिनिटं ठेवायचं, म्हणजे स्टील तापतं आणि अन्नाची ऊब चोरत नाही. तोवर अन्न वाफा येईपर्यंत खदखदवायचं. पाणी ओतून टाकलं की लगेच अन्न भरायचं आणि झाकण घट्ट. कोमट अन्न फ्लास्कमध्ये भरणं हे उघड्या डब्यात नेण्यापेक्षाही वाईट, कारण साठ अंशांच्या खाली आणि पाच अंशांच्या वर जंतूंची चंगळ असते आणि फ्लास्क ती ऊब त्यांच्यासाठी जपून ठेवतो. भाताच्या बाबतीत हे जास्त सांभाळावं लागतं. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते जागे होतात, आणि त्यांचं उलटीचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. रात्रीचा भात सकाळी परतून भरायचा असेल, तर तो रात्री लगेच निववून फ्रिजमध्ये गेलेला असायला हवा. नवा फ्लास्क घेतल्यावर एका रविवारी साडेसहाला भरून साडेदहाला स्वयंपाकाचा थर्मामीटर खुपसून पाहावा. साठच्या वर असेल तर तो शाळेत जायला लायक.

एक बारीकशी गोष्ट जाहिरातीत कुणी सांगत नाही. आतली वाफ थिजू लागली की दाब कमी होतो आणि झाकण असं चिकटतं की पहिली-दुसरीतल्या हातांना ते उघडत नाही. मूल उपाशी परत येतं आणि घरी वाटतं की भाजी आवडली नाही. झाकणावर हवा सोडण्याची कळ असलेला फ्लास्क घ्यावा आणि तो उघडण्याचा सराव घरी करून घ्यावा.

फ्लास्कमध्ये काय टिकतं याचा नियम एकच: ओलसर आणि दाट. पातळ पदार्थ सांडतात, कोरडे लवकर निवतात, कुरकुरीत पदार्थ वाफेने लिबलिबीत होतात. थालीपीठ किंवा डोसा फ्लास्कमध्ये घालण्यात अर्थ नाही. मुगाची खिचडी, मसालेभात, राजमा-भात, ज्वारीच्या कण्या हे नेहमीचे गडी. भातासाठी आंबेमोहोर किंवा इंद्रायणी. चिकटसर तांदूळ निवल्यावरही मऊ राहतो, बासमती सुटा आणि कडक होतो. सगळ्यांत वरचं स्थान मात्र हुलग्याच्या शेंगोळ्यांना द्यायला हवं. हुलग्याच्या पिठाची वळलेली बोटं लसणाच्या झणझणीत रश्श्यात उकडलेली असतात. पास्त्यासाठी हट्ट करणाऱ्या मुलाला यापेक्षा जवळचं काही नाही, आणि प्रथिनंही भरपूर. वळताना मोडू नयेत म्हणून काही जणी त्यात कणीक मिसळतात. तिथे ज्वारीचं पीठ उकड काढून मिसळलं की काम भागतं. पथ्याच्या पहिल्या काही महिन्यांत आतडं दूधही नीट पचवत नाही, त्यामुळे खीर आणि पनीर डॉक्टरांना विचारूनच. ताज्या दह्याची कढी बऱ्याच जणांना सोसते, तरी तीही विचारूनच.

भाकरी डब्यात न्यायचीच असेल तर पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळावं, भाकरी सुती फडक्यात गुंडाळून वेगळ्या डब्यात ठेवावी आणि फ्लास्कमध्ये आमटी द्यावी. आवळलेला स्टार्च साठ अंशांच्या आसपास पुन्हा सैल होतो. कुस्करलेल्या भाकरीवर वाफाळती आमटी ओतली की पुठ्ठ्याची पुन्हा भाकरी होते. सोलापूरकडे कडक भाकरी मुद्दाम करतात आणि आमटीत चुरून खातात. त्यांनी ही अडचण अडचण मानलीच नाही.

महागडी ‘ग्लूटेनमुक्त’ बिस्किटं आणि पाव या डब्यात का भरले जातात, हे समजण्यासारखं आहे: इतरांसारखं दिसावं म्हणून. पण त्यांत बहुधा मका किंवा टॅपिओकाचा स्टार्च, साखर आणि तेल असतं. पौष्टिकतेत नाचणीच्या आंबोळीपुढे ती उभी राहत नाहीत.

शाळेत धोका असतो तो मैत्रीचा. डबा वाटून खाणं हा मधल्या सुट्टीचा धर्म आहे, तो मोडायला सांगून मूल एकटं पडतं. त्यापेक्षा ‘द्यायचं, घ्यायचं नाही’ हा नियम सोपा. त्यासाठी वेगळ्या डबीत चार घास जास्तीचे भरावे, म्हणजे दुसऱ्याचा चमचा फ्लास्कमध्ये शिरत नाही. बाकावर पोळीचे कण असतात, म्हणून खाली पसरायला एक फडकं. वाढदिवसाच्या केकसाठी वर्गशिक्षिकेकडे राजगिऱ्याच्या वड्या आधीच देऊन ठेवाव्यात. जिल्हा परिषदेच्या शाळांत पोषण आहाराची खिचडी मुळात तांदूळ-डाळीची असते, त्यामुळे शहरातल्या वडापाव-सँडविचच्या कँटीनपेक्षा ती या मुलाला जवळची. हिंग कोणता आणि पळी कुठली, एवढं स्वयंपाकीण मावशींना विचारून घ्यावं लागतं.

घरी आलेल्या फ्लास्कमध्ये उरलेलं अन्न कोमट असतं, वास चांगला येतो आणि संध्याकाळी कुणीतरी ते खाऊन टाकतं. ते टाकूनच द्यायचं. झाकणाची रबरी रिंग रोज काढून, आटे ब्रशने घासून, भांडं झाकणाशिवाय उपडं वाळवायचं. घासणीही वेगळी, कणकेच्या परातीला लागलेली नको.