दुखापत खेळाडूची, जबाबदारी कोणाची?

सप्टेंबर २०२४ मध्ये स्वीडनविरुद्धच्या डेव्हिस चषक लढतीतून सुमित नागलने पाठीच्या दुखापतीमुळे माघार घेतली, तेव्हा अखिल भारतीय टेनिस संघटनेने त्याच्यावर जुनेच हत्यार उपसले. त्याने वर्षाला पन्नास हजार डॉलर मागितले होते, असे जाहीर करण्यात आले आणि देशासाठी खेळायला पैसे कसले मागायचे, असा सवाल तत्कालीन अध्यक्षांनी केला. खेळाडूला मोबदला देणे ही क्रीडाक्षेत्रातील रूढ पद्धत आहे, असे नागलने उत्तर दिले. वाद चार दिवस गाजला आणि विरला. कामगार चळवळीतील कार्यकर्त्यांनी मात्र तो विरू देता कामा नये. कारण देशभक्तीच्या पडद्याआड येथे मजुरीचा प्रश्न दडवला गेला.

याच खेळाडूची मागची तीन वर्षे तपासावीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच्या खुब्यावर शस्त्रक्रिया झाली. टेनिसमधील क्रमवारी मागील बावन्न आठवड्यांच्या गुणांवर ठरते आणि त्या क्रमवारीवरच स्पर्धेत प्रवेश मिळतो. म्हणजे खाटेवर पडलेल्या खेळाडूची मिळकत तर थांबतेच, शिवाय उद्या काम मिळण्याचा हक्कही आठवड्यागणिक झिजत जातो. सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहणाऱ्यास जुन्या क्रमवारीच्या आधारे काही स्पर्धांत प्रवेश देण्याची सवलत आहे. पण ती दाराची किल्ली झाली, घरातली भाकरी नव्हे. २०२२ मध्ये नागल पाचशेच्याही खाली घसरला. सप्टेंबर २०२३ मध्ये, तो पुन्हा देशातील अव्वल एकेरी खेळाडू असताना, आपल्या बँक खात्यात सुमारे नऊशे युरो, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या आसपास, उरल्याचे त्याने सांगितले. वर्षाच्या दौऱ्यांचा खर्च एक कोटीच्या घरात. बक्षिसाची रक्कम, इंडियन ऑइलचे वेतन आणि महाराष्ट्रातील महा टेनिस फाउंडेशनची मदत, सारे त्यातच खर्ची पडत होते. चार महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, त्याने मेलबर्नला मानांकित बुब्लिकला हरवले. १९८९ मध्ये रमेश कृष्णन यांनी विलँडरला हरवल्यानंतर ग्रँड स्लॅम एकेरीत भारतीय पुरुषाने मानांकिताला हरवण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्यासरशी त्याच्या जिद्दीचे पोवाडे सुरू झाले.

जिद्द खरी आहे, तिला कोणी कमी लेखू नये. परंतु जिद्दीच्या गौरवात एक सोयीस्कर हिशेब लपलेला असतो: जे परतले तेवढेच मोजायचे. युकी भांब्री २०१८ मध्ये जगात ८३ व्या स्थानी पोचला. गुडघ्याने त्याची दोनहून अधिक वर्षे खाल्ली आणि अखेर त्याला एकेरी सोडून दुहेरीकडे वळावे लागले. मनगटाच्या दुखापतीने जेरीस आलेल्या सानिया मिर्झाने एकेरी सोडली. पुढे २०१५ मध्ये ती दुहेरीत जगात पहिली झाली. ही तर यशस्वी पुनरागमने! जे परतलेच नाहीत, त्यांची नोंद कोणत्या वहीत आहे? २०१४ च्या आशियाई स्पर्धेत सानियासह कांस्यपदक मिळवणारी आणि २०१६ मध्ये रिओला खेळलेली प्रार्थना ठोंबरे सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची. तिला पाहून रॅकेट हाती घेणाऱ्या एखाद्या मुलीचे मनगट सतराव्या वर्षी निकामी झाले, तर शस्त्रक्रियेचे बिल तिच्या बापाने भरायचे आणि वाया गेलेली वर्षे तिने सोसायची, अशीच आजची व्यवस्था आहे.

ही व्यवस्था सोलापूरकरांना अपरिचित नाही. होटगीला रेल्वेचे जंक्शन आहे, सिमेंटचा कारखाना आहे. त्या परिसरात पोती वाहणारा हमाल, सोलापूरच्या यंत्रमागावर नगावर मजुरी घेणारा विणकर, हजार विड्यांमागे दाम मिळणारी बाई, यांचा हात दुखावला की त्याच दिवशी चूल विझू लागते. कोट्यधीश खेळाडूंची हमालाशी तुलना कशी करता, असा आक्षेप कोणी घेईल. कोट्यधीश मूठभर असतात. त्यांच्या खालचे शेकडो खेळाडू पदरमोड करून काम करतात. त्यांना 'स्वतंत्र व्यावसायिक' म्हणण्याची युक्ती तीच आहे, जिने विडी वळणारी बाई कागदावर कोणाचीच कामगार उरत नाही. नफा वाटताना स्पर्धा सर्वांची आणि हाड मोडले की ते एकट्याचे! मार्च २०२५ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने टेनिसच्या नियामक संस्थांना न्यूयॉर्कच्या न्यायालयात खेचले, ते याच संतापातून.

उपाय नसता तर गोष्ट वेगळी. ज्याला एक मालक नाही, जो आज या पेढीवर तर उद्या त्या गुदामात राबतो, त्याला संरक्षण कसे द्यावे, याचे उत्तर महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने दिले: मंडळ स्थापावे, मालकांकडून मजुरीवर लेव्ही घ्यावी आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, औषधोपचार आदी सोयी कराव्यात. गावोगावच्या स्पर्धांत खेळणारा खेळाडू या हमालाहून निराळा नाही. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेलाही २०२४ पासून पहिल्या अडीचशे खेळाडूंना दुखापतीच्या वर्षी किमान उत्पन्नाची हमी द्यावी लागली. त्यातील १७६ ते २५० क्रमांकांसाठी ठरलेला आकडा होता पन्नास हजार डॉलर. जी रक्कम तेथे जायबंदी खेळाडूचा किमान निर्वाह ठरली, तीच नागलने मागितली तर येथे देशद्रोहाच्या जवळपास जाऊन बसली! आणि अडीचशेच्या खाली त्या हमीचीही सावली नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. प्रायोजकत्व आणि प्रक्षेपण यांच्या उत्पन्नावर राज्याने लेव्ही बसवावी, खेळाडूंच्या प्रतिनिधींसह मंडळ नेमावे आणि टेनिसपटूपासून कुस्ती, कबड्डी, खो-खोच्या खेळाडूंपर्यंत प्रत्येकाला दुखापतीच्या काळात उपचार व निर्वाहवेतन द्यावे. पदक मिळाल्यावर लाखांचे धनादेश देणाऱ्या सरकारला, पदकाआधी मोडलेल्या हाडाचा खर्च परवडत नाही असे म्हणता येणार नाही. यंत्रमाग, विडी आणि हमाली करणाऱ्यांच्या मागण्यांच्या निवेदनात सोलापूरच्या कार्यकर्त्यांनी हे कलम जोडावे. देशासाठी खेळायला पैसे कसले, असे विचारणाऱ्यांना प्रतिप्रश्न एवढाच: खुब्याची शस्त्रक्रिया झाली, त्या वर्षी देशाने त्याला काय दिले?