रक्ताच्या अहवालाची रुजुवात

रक्ततपासणीच्या अहवालात एखादा आकडा ठळक अक्षरांत छापलेला अथवा त्याच्यापुढे वर जाणारा बाण काढलेला दिसला, की तो कागद डॉक्टरांच्या नजरेखालून जाण्यापूर्वीच घरची मंडळी त्यावर फैसला देऊन मोकळी होतात. आणि कसलीही तक्रार नसलेला मनुष्य सवलतीच्या दरात ‘फुल बॉडी चेकअप’ करवून घेऊ लागल्यापासून तर हा उतावळेपणा शहरांतून चांगलाच बळावला आहे.

अहवालात छापलेली ‘नॉर्मल रेंज’ ठरते कशी, हे फारसे कोणी विचारीत नाही. निरोगी माणसांच्या रक्तातील प्रमाणे मोजून दोन्ही टोकांचे शेकडा अडीच-अडीच आकडे वगळायचे आणि उरलेल्या 95 टक्क्यांना मर्यादा म्हणायचे, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे. म्हणजे शंभर निरोगी माणसांतील पाचजण या व्याख्येनेच मर्यादेबाहेर पडतात. परस्परांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर धडधाकट मनुष्याचेही सर्व आकडे मर्यादेत राहण्याचा संभव शेकडा 36 एवढाच उरतो. पॅकेज विकणारे हे गणित जाहिरातीत छापीत नाहीत, यात नवल ते काय!

एन्झाइमांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. ही द्रव्ये मुळात पेशींच्या आत नांदणारी. पेशीला इजा झाली म्हणजे ती रक्तात अधिक उतरतात, परंतु ती कोणत्या अवयवातून आली हे नुसता आकडा सांगत नाही. लोक आज ज्या एसजीओटीला यकृताची तपासणी म्हणून ओळखतात, तिचे प्रमाण हृदयविकाराच्या झटक्यानंतर वाढते, हे ला ड्यू, व्रॉब्लेव्स्की आणि कारमेन यांनी 1954 साली दाखविले होते. स्नायूंत व तांबड्या पेशींतही ती असते. त्यामुळे आदल्या दिवशी व्यायामशाळेत भरपूर वजने उचलून आलेल्या तरुणाचे यकृत निर्दोष असूनही त्याच्या अहवालावर बाण उमटू शकतो. अल्कलाइन फॉस्फेटेज तर हाडे वाढत्या मुलांत आणि गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत स्वभावतःच चढते; बारा वर्षांच्या मुलाच्या अहवालावर प्रौढांची मर्यादा छापून त्याच्या आईबापांची झोप उडविणे ही शुद्ध बेपर्वाई होय.

याच्या उलट, आकडा मर्यादेत आहे म्हणून निर्धास्त होणेही तितकेच घातक. सिरोसिसने यकृत झिजून गेलेल्या रोग्यात यकृतपेशींतून येणारी एसजीपीटी कित्येकदा सामान्य निघते, कारण जिच्यातून ती बाहेर यावी अशी यकृतपेशीच थोडी उरलेली असते. तेथे अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्याचा काल हेच अधिक बोलके. पण अल्ब्युमिनची निम्मी मात्रा बदलायलाही सुमारे तीन आठवडे लागत असल्याने, यकृतावर अकस्मात आघात झाला तरी पहिले काही दिवस ते फारसे उतरत नाही. आणि उतरलेच, तर मूत्रावाटे प्रथिन गळत नाही ना, हेही पाहावे लागते. पाठदुखी आणि रक्तक्षय असलेल्या वृद्धाच्या अहवालात अल्ब्युमिन ठीक असून एकूण प्रथिने मात्र वाढलेली दिसली, तर ‘प्रथिने जास्त म्हणजे प्रकृती उत्तम’ अशी समजूत करून घेण्याऐवजी प्रथिनांचे घटक वेगळे करणारे इलेक्ट्रोफोरेसिस करून मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगाची शंका फेडून घेणे, हेच शहाणपणाचे. हृदयाच्या स्नायूला झालेली इजा दाखविणाऱ्या ट्रोपोनिनचा एकच आकडाही अनेकदा पुरत नाही. काही तासांनी पुन्हा रक्त घेऊन तो चढतो की स्थिर राहतो, हे पाहावे लागते, कारण जुन्या मूत्रपिंडविकारात तो कायमच थोडा वर असू शकतो.

म्हणून प्रयोगशाळांनी वय, लिंग व गर्भावस्था यांना अनुसरून मर्यादा छापाव्यात, आणि नमुन्यातील तांबड्या पेशी फुटल्या असतील तर तसा शेरा अहवालावर स्पष्ट मारावा, अशी सक्ती झाली पाहिजे. वाचकांनीही जुने अहवाल फेकून न देता तारीखवार लावून ठेवावेत, आणि डॉक्टरांकडे जाताना ते सोबत नेऊन, घेत असलेली औषधे, काढे, मद्य आणि व्यायाम यांची हकीकत काहीही न लपविता सांगावी.